बंडीवरचं ओझं

जुन्या बंडीची, म्हणजे बैलगाडीची, छोटी प्रतिकृती करणारे पुष्कळ आहेत. तिच्यावर माल चढवायची वेळ आली की बहुतेक जण चार पोती टाकून मोकळे होतात. मला ते बघवत नाही. ओझं चुकलं की सुताराची सगळी मेहनत वाया.

मी इथे वाशीमकडच्या मालेगावात एकास बारा मापाच्या वऱ्हाडी बंड्या करतो, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या. आख, तुंबा, आरे, धाव, जू जमलं की गाडी उभी राहते. पण ती कोणत्या सालातली, कुठून कुठे निघालेली, हे ओझंच सांगतं.

1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. त्याआधीपासून इथला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जायचा. मिर्झापूरपर्यंत तांडे चालायचे. त्या काळचं दृश्य करायचं तर बंडी हवीच कशाला? बैलाच्या दोन्ही अंगांना लोंबणारी गोण करा. पुढे 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1870 मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला. वाशीमकडे मात्र राणीच्या हयातीत रूळ आलेच नाहीत. आमच्या भागातला माल मेडशी, पातूर करत बैलांनीच अकोल्याला ओढायचा. मालेगावपासून साठेक किलोमीटर, मध्ये घाट.

आता माल बघा. वाफेवरचे जिनिंग कारखाने येईपर्यंत सरकी गावातच हातचरकीवर निघायची, म्हणून 1865 च्या बंडीवर रुई हवी, बोदात ठासून भरलेली. कारखाने स्टेशनांजवळ उभे राहिले तसा सरकीसकटचा कापूस निघू लागला. तो फुलतो, जागा खातो. मग बंडीला चहूबाजूंनी तट्टे लागतात आणि ओझं बैलांच्या वशिंडांच्या वर जातं. लोखंडी पट्ट्यांच्या घट्ट गाठी या वाटेवरच्या बंडीत कधीच ठेवू नका. त्या प्रेसमध्ये बांधल्या जायच्या, प्रेस रेल्वेपाशी. मुंबईच्या हिशेबात खंडी 784 पौंडांची, गाठ तिच्या निम्मी, 392 पौंडांची. पण तो हिशेब अकोल्याच्या पुढचा.

खरा कापूस या मापात वापरता येत नाही, एक बोंड उशीएवढं दिसतं. मी तो कात्रीने बारीक करतो, चिमटीत वळतो आणि ज्वारीच्या दाण्याहून लहान झाला की डिंकावर बसवतो. आत लाकडाचा भुसा. दोऱ्या अंबाडीच्या. सुती दोरा गुळगुळीत दिसतो; अंबाडीची कूस उभी राहते आणि नजर लगेच विश्वास ठेवते.

सगळ्यात जास्त वेळ जातो तोल साधण्यात. दोन चाकांची गाडी आखावर तोललेली असते. माल मागे गेला की बंडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. फार पुढे आला की मानेला जाच. म्हणून मी ओझं आखाच्या किंचित पुढे ठेवतो. हे कळणारा माणूस प्रतिकृतीजवळ येऊन आधी जू बघतो, मग कापूस.

परतीची बंडी मला जास्त आवडते. अकोल्याहून रिकामी कोण येणार? मिठाची पोती, विलायती कापडाचा गठ्ठा, नारळ, खारीक, तांब्यापितळेची भांडी. तेल-तूप जुन्या दृश्यात कातडी बुधल्यांत दाखवावं. 1890 नंतरचं करत असाल तर रॉकेलचे चौकोनी डबे घ्या. वर गाडीवानाची वळकटी, भाकरीचं गाठोडं, आणि आखाजवळ लोंबता वंगणाचा बांबूचा नळा. हा नळा विसरलेली बंडी मेडशीपर्यंतसुद्धा धड जायची नाही.

घाटाखालच्या आणि वरच्या गावांत अजून गोठ्यांमागे जुन्या बंड्या पडून आहेत. हॉटेलवाल्यांनी शोभेसाठी उचलण्याआधी त्यांची मापं घ्यायची आहेत. उभाऱ्यांवर दोराने पडलेले घासे आहेत, आणि ओझं कुठे, किती उंच बांधायचे ते त्यांच्यावरूनच मोजता येतं.