अनोळखी शहरातील प्रवासी : लंडनची वाहतूक आणि ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ

१. प्रास्ताविक



७ मार्च १८७० रोजी जबलपूर येथे दोन लोहमार्ग एकमेकांना जोडले गेले. एक होता मुंबईकडून इटारसीमार्गे येणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग. दुसरा ईस्ट इंडियन रेल्वेचा. तो अलाहाबादहून १८६७ मध्येच जबलपूरपर्यंत येऊन थांबला होता. या जोडणीमुळे मुंबई ते कलकत्ता असा रेल्वेप्रवास शक्य झाला. त्याआधी जेमतेम चार महिने, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुएझ कालवा खुला झाला होता. म्हणजे कलकत्त्याचा माणूस जबलपूरवरून रेल्वेने मुंबई गाठून, पुढे आगबोटीने सुएझमार्गे युरोपला जाऊ शकत होता. मध्य भारतातील जबलपूर अशा रीतीने लंडनच्या वाटेवरचे एक ठाणे बनले.

आपल्या पाठ्यपुस्तकांत हा प्रवास बहुधा लंडनला पोहोचल्यावर संपतो. तेथे उतरलेल्या विद्यार्थ्यापुढे मात्र पुढचा प्रश्न उभा असे. शहर प्रचंड, ओळखीचे कोणी नाही, खिशात मोजके पैसे. मुक्कामाच्या खोलीपासून महाविद्यालयापर्यंत आणि तेथून ग्रंथालयापर्यंत जायचे कसे?

कोणत्याही शहरात परक्या प्रवाशाला चार गोष्टी कळाव्या लागतात. हे वाहन कोठे जाते? ते कोठे थांबते? भाडे किती? आणि मला त्यात बसू देतील का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे फलकावर छापता येतात. चौथ्याचे उत्तर समाज देतो. या पाठात आपण लंडनच्या वाहतुकीचा इतिहास या चार प्रश्नांच्या आधारे पाहू. आपले प्रतिपादन असे आहे की, वाहनांची संख्या वाढली म्हणून वाहतूक सार्वजनिक होत नाही. कोणाचीही मर्जी न सांभाळता, केवळ भाडे भरून अनोळखी माणसाला ती वापरता येते, तेव्हाच ती सार्वजनिक होते.

२. भाड्याचा प्रश्न : १८२९ ते १९००

लंडनमध्ये ठरावीक मार्गावर धावणारी बस जुलै १८२९ मध्ये जॉर्ज शिलिबिअर याने सुरू केली. पॅडिंग्टन ते बँक या मार्गावर तीन घोडे जोडलेली ही गाडी बावीस उतारूंना नेत असे. भाडे होते एक शिलिंग. मजुराला ते परवडणारे नव्हते. तेव्हा ही सोय मध्यमवर्गापुरतीच राहिली.

१० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातील पहिली भुयारी रेल्वे प्रवाशांसाठी खुली झाली. इंजिने वाफेची होती, त्यामुळे बोगद्यांत धूर कोंडत असे. तरी पहिल्याच दिवशी सुमारे ३८,००० लोकांनी प्रवास केला. डब्यांचे तीन वर्ग होते आणि भाडे सहा, चार व तीन पेनी असे होते. पुढच्याच वर्षी पहाटेच्या वेळी कामगारांसाठी स्वस्त गाड्या सुरू झाल्या. म्हणजे गाडी एकच असली तरी तुमची ऐपत तुमचा डबा ठरवत होती, आणि गरिबाला स्वस्तात जायचे तर पहाटे उठावे लागत होते.

१८९० मध्ये विजेवर चालणारी सिटी अँड साउथ लंडन रेल्वे सुरू झाली. तिच्यात सर्वांना एकच वर्ग आणि सरसकट दोन पेनी भाडे होते. १९०० मध्ये सुरू झालेल्या सेंट्रल लंडन रेल्वेनेही हीच पद्धत ठेवली. लोक तिला ‘टपेनी ट्यूब’, म्हणजे दोन पेनीची नळी, म्हणू लागले. ही सुधारणा परक्या प्रवाशाच्या दृष्टीने मोठी होती. कोठे उतरणार हे कोणाला सांगायला नको, भाड्याची घासाघीस नको आणि आपण कोणत्या डब्यात शोभतो याचा विचारही नको.

३. वाट वाचता येणारे शहर : १९०६ ते १९३३

घोड्यांच्या बसगाड्या ओळखायच्या त्या त्यांच्या रंगावरून आणि बाजूला रंगवलेल्या ठिकाणांच्या नावांवरून. लंडनकराला ही माहिती सवयीने असे, नवख्याला नाही. १९०६ मध्ये ‘व्हॅनगार्ड’ या नावाने मोटारबस चालवणाऱ्या कंपनीने मार्गांना क्रमांक दिले. क्रमांक वाचायला शहराची ओळख लागत नाही.

याच सुमारास नव्या भुयारी मार्गांना अपेक्षेइतके प्रवासी मिळत नव्हते. वेगवेगळ्या कंपन्यांचे मार्ग वेगळे आणि नकाशेही वेगळे होते. म्हणून १९०८ मध्ये कंपन्यांनी ‘अंडरग्राउंड’ हे समाईक नाव घेतले आणि सर्व मार्ग दाखवणारा एकत्र नकाशा काढला. येथे एक बाब ध्यानात घ्या. ही सोय पाहुण्यांच्या प्रेमापोटी झाली नाही; तोटा भरून काढण्यासाठी झाली. पण जे नियमित प्रवाशाला उपयोगी पडले, ते परक्याला त्याहून अधिक उपयोगी पडले.

पुढचा टप्पा हॅरी बेक या आरेखकाचा. त्याने १९३१ मध्ये एक नवा नकाशा तयार केला. त्यात जमिनीवरची खरी अंतरे सोडून दिली होती. रेषा केवळ आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत तिरप्या, आणि स्थानके साधारण सारख्या अंतरावर. आधी नाकारला गेलेला हा नकाशा जानेवारी १९३३ मध्ये छापून प्रवाशांच्या हाती आला आणि लगेच लोकप्रिय झाला. जमिनीखाली जाणाऱ्या माणसाला किती मैल झाले यापेक्षा कोणत्या स्थानकावर गाडी बदलायची हे कळणे महत्त्वाचे असते, हे बेकने ओळखले होते. त्याच वर्षी १ जुलैला बस, ट्रॅम आणि भुयारी रेल्वे लंडन पॅसेंजर ट्रान्सपोर्ट बोर्ड या एका सार्वजनिक मंडळाखाली आल्या. कोठे जाते, कोठे थांबते आणि भाडे किती, या तीन प्रश्नांना आता एका ठिकाणी उत्तर मिळू लागले.

४. लंडनमधील मराठी विद्यार्थी

हे बदल घडत असताना काही मराठी विद्यार्थी या शहरात राहत होते. विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला आले आणि हायगेटमधील ‘इंडिया हाऊस’मध्ये राहिले. हा भाग शहराच्या उत्तरेकडील चढावर आहे. कायद्याच्या शिक्षणाची ग्रेज इन ही संस्था मात्र शहराच्या मध्यात. हायगेटच्या चढावर तेव्हा दोरखंडाने ओढली जाणारी केबल ट्रॅम होती. १८८४ मध्ये सुरू झालेली ही ट्रॅम १९०९ पर्यंत चालली. जून १९०७ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी भुयारी रेल्वेचे स्थानक सुरू झाले, ते आजचे ‘आर्चवे’. शहराच्या मध्यभागी जाण्यासाठी आता थेट गाडी मिळू लागली. सार्वजनिक वाहतुकीत माणूस गर्दीत मिसळून जातो हे खरे, पण तेथे पाळतही ठेवता येते. १३ मार्च १९१० रोजी सावरकरांना अटक झाली, ती पॅरिसहून परतताना व्हिक्टोरिया या रेल्वे स्थानकावर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये प्रथम लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ पर्यंत त्यांनी डी.एस्सी. पदवी व बॅरिस्टरी दोन्ही मिळवल्या. १९२१-२२ मध्ये ते १०, किंग हेन्रीज रोड येथे राहत होते. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. त्यांचा दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाई. शिवाय स्कूल आणि ग्रेज इन होतेच. नकाशावर पाहा. घराजवळचे भुयारी स्थानक म्हणजे १९०७ मध्ये सुरू झालेले चॉक फार्म. तेथून थेट गाडीने टॉटनहॅम कोर्ट रोड. म्युझियम तेथून चालत काही मिनिटांवर. ग्रेज इनसाठी त्याच स्थानकावर सेंट्रल लंडनची गाडी बदलून चान्सरी लेन. पायी जायचे तरी घर ते म्युझियम अंतर तीन-चार किलोमीटरच होते. या वाटेवर तिकीट देणारा कर्मचारी एकच गोष्ट विचारत असे : कोठे जायचे?

५. मसूर आणि चाळीसगाव

याचे मोल कळण्यासाठी मागे जावे लागेल. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणात बाबासाहेबांनी १९०१ मधील एक प्रवास सांगितला आहे. वडील नोकरीच्या गावी होते. त्यांना भेटायला लहानगा भीमराव भाऊ व इतर मुलांसह साताऱ्याहून रेल्वेने निघाला आणि मसूर स्थानकावर उतरला. रेल्वेच्या प्रवासात अडचण आली नाही. स्थानकावर घ्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने चौकशी केली. मुले महार आहेत हे कळताच तो मागे सरला. बैलगाडीवाले कितीही भाडे मिळाले तरी तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो शेजारून चालणार, या अटीवर. त्या रात्री मुलांना वाटेत पिण्याचे पाणीही मिळाले नाही.

दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. आता बाबासाहेब डॉक्टरेट मिळवलेले बॅरिस्टर होते आणि सरकारी समितीचे सदस्य म्हणून दौऱ्यावर होते. तरीही त्यांना नेणाऱ्या टांग्यावर बसायला टांगेवाले तयार नव्हते. वस्तीतील लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि त्यांच्यापैकी एकाने तो हाकला. सवय नसल्याने पुलाजवळ अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले.

दोन्ही प्रसंगांत रेल्वे आणि बैलगाडी-टांगा यांतील फरक पाहा. रेल्वे कंपन्यांनी भारतात भाड्याप्रमाणे वर्ग केले, युरोपियनांसाठी राखीव डबेही ठेवले. पण जातीनुसार डबे केले नाहीत. तिकीट असेल त्याला नेणे हा तिथला नियम होता. बैलगाडीच्या बाबतीत असा नियम नव्हता. सर्व काही गाडीवाल्याच्या मर्जीवर होते. स्थानकाच्या दाराबाहेर पाऊल टाकताच चौथा प्रश्न उभा राहिला, आणि खिशातले पैसे त्याचे उत्तर देऊ शकले नाहीत. अमेरिका आणि युरोपातील पाच वर्षांच्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पुसली गेली होती, असे बाबासाहेबांनी त्याच टिपणात नोंदवले आहे. त्या पुसले जाण्यामागे विद्यापीठे होती, ग्रंथालये होती. कोणीही तिकीट काढून बसावे अशा रोजच्या गाड्याही त्याच जीवनाचा भाग होत्या.

६. एक मर्यादा

यावरून ब्रिटनमध्ये भेदभाव नव्हता असा निष्कर्ष काढू नका. बसच्या आसनावर बसायला मिळणे वेगळे आणि त्याच बसवर नोकरी मिळणे वेगळे. ब्रिस्टल शहरातील बस कंपनी कृष्णवर्णीय व आशियाई लोकांना चालक-वाहक म्हणून घेत नव्हती. १९६३ मध्ये तेथील कॅरिबियन समाजाने बसवर बहिष्कार घातला आणि ऑगस्टअखेर कंपनीला धोरण बदलावे लागले. त्यानंतर नेमलेला तेथील पहिला गौरेतर वाहक शीख होता. तेव्हा ‘सार्वजनिक’ या शब्दाची कसोटी प्रवासी आणि कर्मचारी या दोन्ही बाजूंनी लावायला हवी.

७. मुंबई, जबलपूर आणि आजचे लंडन

मुंबईत घोड्यांची ट्रॅम ९ मे १८७४ रोजी, विजेची ट्रॅम १९०७ मध्ये आणि बस १५ जुलै १९२६ रोजी सुरू झाली. दुमजली बस १९३७ मध्ये आली. त्यामुळे मुंबईकराला लंडनची बस फारशी परकी वाटत नसे. ट्रॅम मात्र दोन्ही शहरांनी सोडली : लंडनने १९५२ मध्ये, मुंबईने १९६४ मध्ये.

जबलपूर आज पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. गोंदियाहून येणारी सातपुड्यातील जुनी छोटी रेल्वे २०१५ मध्ये बंद होऊन तिच्या जागी रुंद मार्ग झाला. शहरात ‘मेट्रो बस’ या नावाने बस धावते. सोबत ऑटो आणि ई-रिक्षा आहेत. बाहेरगावचा विद्यार्थी येथे उतरला आणि त्याला राणी दुर्गावती विद्यापीठात किंवा भेडाघाटला जायचे असले, तर आपले चार प्रश्न त्यालाही लागू पडतात. कोणाला न विचारता त्यांपैकी किती प्रश्नांची उत्तरे त्याला मिळतात, हे तपासणे हाच स्थानिक इतिहासाचा एक चांगला अभ्यास आहे.

लंडनमध्ये २००३ पासून ‘ऑयस्टर’ कार्ड आहे. २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. ऑयस्टर किंवा बँकेचे संपर्करहित कार्ड यंत्रावर टेकवायचे. पाहुण्याला हे सोपे आहे, पण ज्याच्याकडे रोख रकमेशिवाय काही नाही तो दाराशीच अडतो. प्रत्येक नवी सोय सोबत एक नवी अट आणते. ती अट कोणाला बाहेर ठेवते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारले पाहिजे.

८. सारांश

सरसकट भाडे, मार्गक्रमांक, समाईक नाव आणि बेकचा नकाशा यांनी लंडन परक्याला वाचता येईल असे झाले. यांतील बरेच बदल नफ्यासाठी झाले, तरी त्यांतून स्वातंत्र्य निर्माण झाले. मसूर आणि चाळीसगावचे प्रसंग दाखवतात की वाहन आणि पैसा दोन्ही असूनही प्रवास नाकारला जाऊ शकतो. म्हणून वाहतुकीचा इतिहास हा यंत्रांइतकाच हक्कांचाही इतिहास आहे.

स्वाध्याय

१. १८६३ ची भुयारी रेल्वे आणि १९०० ची ‘टपेनी ट्यूब’ यांतील भाडेपद्धतीची तुलना करा.

२. खरी अंतरे न दाखवणारा बेकचा नकाशा प्रवाशाला अधिक उपयोगी का ठरला?

३. मसूर येथील प्रसंगात रेल्वे आणि बैलगाडी यांच्या वागणुकीत फरक का पडला, ते तुमच्या शब्दांत लिहा.

४. तुमच्या गावाच्या किंवा शहराच्या स्थानकावर उभे राहून पाठातील चार प्रश्नांची उत्तरे शोधा. कोणत्या प्रश्नाचे उत्तर कोणालाही न विचारता मिळाले आणि कोणत्या प्रश्नासाठी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागले, याची नोंद करा.