स्टिरिओला मधला स्पीकर जोडायचा? आधी हे वाचा

हॉलमध्ये टीव्ही, त्याच्या दोन्ही बाजूंना स्टिरिओचे दोन स्पीकर. गाणी झकास वाजतात. पण सिनेमा लावला की संवाद पुटपुटल्यासारखे ऐकू येतात, आणि आवाज वाढवला की पुढच्याच मारामारीला शेजारी जागे होतात. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसलेल्या आजीची तऱ्हा आणखी वेगळी. हिरो पडद्याच्या मध्यभागी बोलतोय आणि आवाज मात्र डाव्या स्पीकरमधून येतोय! अशा वेळी मध्ये तिसरा स्पीकर ठेवायची कल्पना सुचतेच. कल्पना चांगली आहे, पण ती चुकीच्या पद्धतीने अमलात आणली तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो.

दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध बसून गाणं ऐकलं की गायिका समोर उभी असल्यासारखी वाटते. तिथे खरं तर काहीच नसतं. दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज एकाच वेळी दोन्ही कानांवर आला, की मेंदू तो समोरूनच आला असं धरून चालतो. याला ‘फँटम सेंटर’ म्हणतात.

हा भास नाजूक असतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटर अंतराला एक मिलिसेकंद. सोफ्याच्या टोकाला बसलं की जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढा किंवा त्याहून आधी पोचतो आणि कान आधी आलेल्या आवाजावर विश्वास ठेवतो. म्हणून आजीला हिरो डावीकडून बोलताना ऐकू येतो. मधोमध बसणाराही पूर्ण सुटत नाही. डाव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानात येतो, तसा सुमारे पाव मिलिसेकंद उशिराने उजव्या कानातही येतो. उजव्या स्पीकरचंही तसंच. या उशिरामुळे २००० हर्ट्झच्या आसपास दोन्ही आवाज एकमेकांना काही प्रमाणात मारतात. शब्द स्पष्ट कळायला जी व्यंजनं लागतात त्यांचा बराचसा भाग नेमका याच पट्ट्यात येतो.

मध्ये खरा स्पीकर असला की या दोन्ही अडचणी बऱ्याच कमी होतात. ही गोष्ट नवीन नाही. २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतल्या बेल लॅब्जने फिलाडेल्फियातला ऑर्केस्ट्रा टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तेव्हा तीन मायक्रोफोन आणि तीन स्वतंत्र वाहिन्या वापरल्या होत्या. मग घरी दोनच का आल्या? कारण रेकॉर्डच्या खाचेला भिंती दोनच. एकीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा, तिसऱ्याला जागाच नाही. सिनेमागृहांत मात्र पडद्यामागचा मधला स्पीकर टिकून राहिला, कारण तिथे शेकडो लोक कडेला बसतात.

हे करू नका

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूच्या लाल टर्मिनलच्या वायरी एकत्र पिळून मधल्या स्पीकरला देणं. ‘दोन्ही आवाज मिसळतील’ असा हिशेब असतो. पण अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन्ही बाजू मग एकमेकांतच करंट ढकलतात, आणि त्यात अ‍ॅम्प्लिफायर बाद होऊ शकतो.

दुसरी युक्ती म्हणजे मधल्या स्पीकरची एक वायर डाव्या लाल टर्मिनलला आणि दुसरी उजव्या लाल टर्मिनलला जोडणं. यातून दोन्ही बाजूंची बेरीज न येता वजाबाकी येते. दोन्हीकडे सारखा असलेला आवाज, म्हणजे नेमका गायिकेचा किंवा संवादाचा, गायब होतो आणि उरतो तो घुमारा. डेव्हिड हाफलर यांनी हीच जोडणी मागच्या स्पीकरसाठी लोकप्रिय केली होती आणि तिथे ती शोभतेही. मध्ये नाही. शिवाय काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काळी टर्मिनलं आतून एक नसतात, तिथे असे प्रयोग न केलेलेच बरे.

मग कसं जोडायचं?

फक्त गाण्यांसाठी हवा असेल तर मधल्या स्पीकरला वेगळा छोटा अ‍ॅम्प्लिफायर द्यावा. मुख्य अ‍ॅम्प्लिफायरच्या प्री-आउटमधून डावा आणि उजवा सिग्नल घ्यायचा, प्रत्येकाच्या वाटेत साधारण ४.७ किलो-ओहमचा एकेक रेझिस्टर टाकायचा आणि मग दोन्ही एकत्र करायचे. रेझिस्टर न लावता दोन पिना थेट जोडल्या, तर मुख्य स्पीकरही मोनो होऊन बसण्याची शक्यता असते. टेप-आउट इथे चालत नाही, कारण सहसा त्यावर व्हॉल्यूमच्या बटणाचा परिणाम होत नाही.

मधल्याचा आवाज कमीच ठेवायचा. त्यात डाव्या-उजव्या बाजूची वाद्यंही मिसळलेली असतात, तो चढला की सगळा ऑर्केस्ट्रा मध्ये गोळा होतो. तो वेगळा ऐकू येत नाही, पण बंद केल्यावर त्याची उणीव जाणवते, इतपतच वाजू द्यावा.

सिनेमासाठी मात्र एव्ही रिसीव्हर घेणंच शहाणपणाचं. ५.१ साउंडट्रॅकमध्ये संवादांसाठी मधली वाहिनी वेगळीच असते. टीव्ही दोन स्पीकरसाठी आवाज काढतो तेव्हा ती वाहिनी डाव्या-उजव्यात मिसळून टाकतो, आणि एकदा मिसळलेलं नंतर अंदाजानेच वेगळं करता येतं. टीव्ही एचडीएमआय एआरसीने रिसीव्हरला जोडावा, टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ऐवजी ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘डॉल्बी डिजिटल’ निवडावं आणि रिसीव्हरला मागचे स्पीकर नाहीत असं सांगावं. रिसीव्हरला प्री-आउट असतील तर जुना लाडका अ‍ॅम्प्लिफायरही डाव्या-उजव्या स्पीकरसाठी वापरता येतो.

मधला स्पीकर शक्यतो बाकी दोघांच्याच मालिकेतला घ्यावा, नाहीतर पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालणाऱ्या माणसाचा आवाज मध्येच बदलतो. तो टीव्हीखाली, कपाटाच्या फळीच्या पुढच्या कडेपर्यंत ओढून, थोडा वर कानाच्या दिशेने कलता ठेवावा. बाजारात मिळणारे आडवे सेंटर स्पीकर, म्हणजे दोन वूफर आणि मध्ये ट्वीटर असलेले, कडेला बसणाऱ्याला अनेकदा जरा पोकळ ऐकू येतात. गंमत म्हणजे त्या कडेच्या माणसासाठीच हा सगळा खटाटोप!

आणि हो, खर्च करण्याआधी पाच मिनिटं काढून दोन्ही स्पीकरच्या मागच्या वायरी तपासा. एकाच स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असेल तर मधला आवाज विरून जातो आणि बेसही पातळ होतो. एखादं जुनं मोनो गाणं लावून मधोमध बसा. गाणारा समोर ठाम उभा न वाटता इकडेतिकडे पसरल्यासारखा वाटला, तर अ‍ॅम्प्लिफायर बंद करून एका स्पीकरच्या दोन वायरी बदला आणि तेच गाणं पुन्हा लावा.