राज्याचा वकील नेमका कोणाचा?

मागच्या वेळी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, सरकारचा वकील सरकारी सत्तेच्या विरुद्ध उभा राहू शकतो का? मी दोन वाक्यांत उत्तर देऊन वेळ मारून नेली. आज जरा सविस्तर बोलू.

अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःचा अॅटर्नी जनरल असतो. मूळ पद इंग्लंडच्या राजाच्या वकिलाचं. वसाहतींनी ते उचललं. पुढे राजा गेला, वकील मात्र राहिला! मग आता त्याचा अशील कोण? आज 50 पैकी 43 राज्यांत त्याला लोकच मतदानाने निवडतात. तिथे तो गव्हर्नरचा माणूस नसतो. आपल्याकडे महाधिवक्त्याची नेमणूक संविधानाच्या 165व्या अनुच्छेदानुसार राज्यपाल करतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंतच तो पदावर राहतो. असो.

1961 साली फ्लोरिडातल्या पनामा सिटीत क्लॅरेन्स गिडियन नावाच्या एका गरीब माणसावर बिलियर्ड्सचा अड्डा फोडून चिल्लर चोरल्याचा आरोप आला. त्याने वकील मागितला. न्यायाधीश म्हणाले, फाशीची शक्यता असलेल्या खटल्यातच राज्य वकील देतं, तुम्हाला देता येत नाही. तो स्वतःच लढला, हरला, पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला, आणि न्यायालयाने तो ऐकायला घेतला.

आता आपल्या विषयाकडे येतो. फ्लोरिडाच्या अॅटर्नी जनरलच्या कार्यालयातल्या ब्रूस जेकब या तरुण सहायकाने बाकीच्या राज्यांच्या अॅटर्नी जनरलांना पत्रं पाठवली. आशय असा, की राज्याच्या कारभारात दिल्लीने – चुकलो, वॉशिंग्टनने – ढवळाढवळ करू नये, आम्हाला साथ द्या. मागणी वेडगळ नव्हती बरं का. 1942 च्या बेट्स खटल्याचा निकाल त्यांच्या बाजूने होता. शिवाय आपल्या राज्याचे अधिकार राखणं हे तर या पदाचं कामच. एरवी सगळ्यांनी सह्या केल्या असत्या.

मिनेसोटाचे अॅटर्नी जनरल वॉल्टर माँडेल तेव्हा पस्तिशीचेही नव्हते. हेच पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले. त्यांना हे पत्र पटलं नाही. मॅसॅच्युसेट्सच्या अॅटर्नी जनरलना बरोबर घेऊन त्यांनी उलटीच मोहीम उघडली, आणि 22 राज्यांनी न्यायालयाला लेखी कळवलं की वकिलाविना गरिबाचा खटला चालवणं अन्यायाचं आहे, गिडियनचं म्हणणं मान्य करा. फ्लोरिडाच्या बाजूने किती उभे राहिले? दोन. अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलिना.

तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. यांपैकी प्रत्येकाच्या कार्यालयाचं रोजचं काम आरोपींना झालेली शिक्षा टिकवण्याचं. आरोपीला वकील मिळाला तर ते काम अवघड होणार, हे त्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? पण राज्याला खटला जिंकण्यात रस असतो की खटला नीट चालण्यात, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी सहीने दिलं. काहींच्या राज्यांत वकील आधीपासून मिळतच होता, त्यांना फारसं गमवायचं नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

18 मार्च 1963 रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी गिडियनच्या बाजूने निकाल दिला. ऑगस्टमध्ये खटला पुन्हा चालला, त्याच गावात, त्याच न्यायाधीशांपुढे. यावेळी शेजारी वकील होता. ज्यूरीने साधारण तासाभरात त्याला निर्दोष सोडलं.