पातळ नमुना म्हणजे गुन्हा नव्हे

1 नोव्हेंबर 1956 रोजी तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि दारूकडे पाहणारे सरकारच बदलले. निजामाच्या तिजोरीला अबकारीचा मोठा आधार होता. मुंबई राज्यात मात्र 1949चा दारूबंदी कायदा होता. 1959 साली तो मराठवाड्यालाही लागू झाला. त्याच वर्षी वैद्यकीय तपासणीचे आणि रक्तचाचणीचे नियमही आले. रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल निघाले, की ते औषधासारख्या कायदेशीर मार्गाने आले हे आरोपीनेच सिद्ध करायचे. अशा रीतीने माणसाच्या शरीरातला नमुना त्याच्याच विरुद्ध साक्ष देऊ लागला.

या साक्षीची उलटतपासणी कशी करायची, हे महाराष्ट्रातल्या दोन खटल्यांनी शिकवले. धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात काढलेल्या रक्ताचा प्रश्न 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. रक्ताची कुपी प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कुठे आणि कशी ठेवली होती, याचा पुरावा न्यायालयाला हवा होता. 1971 च्या दुसऱ्या खटल्यात तोंडाचा वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे एवढ्यावर आरोप ठेवला होता. लघवी तपासलीच नव्हती आणि रक्ताचा अहवाल न्यायालयात आला नव्हता. वरवरच्या लक्षणांवरून दोष ठरवणे न्यायालयाने नाकारले. नमुना नीट घेण्याची, जपण्याची आणि तपासण्याची जबाबदारी तपासणाऱ्याची, हाच दोन्ही निकालांचा धडा आहे.

पाणी मिसळलेल्या किंवा पातळ झालेल्या लघवीच्या नमुन्याला हाच धडा लागू पडतो. अमेरिकेत 1986 पासून सरकारी नोकरांची अमली पदार्थांसाठी लघवी तपासली जाऊ लागली. तिथल्या नियमांत लघवीतले क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य दर शंभर मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी आणि विशिष्ट घनताही ठरावीक मर्यादेखाली असेल, तर नमुना पातळ मानतात. आपल्याकडे 31 जानेवारी 2022 पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची अशी चाचणी होते. उद्या ती एसटीच्या आगारात आली, तर तुळजापूर किंवा उमरग्याच्या चालकाचे काय? उन्हाळ्यात तो तहानेपोटी भरपूर पाणी पिणारच. क्रिएटिनिन स्नायूंतून येते, त्यामुळे सडपातळ माणसात ते मुळातच कमी असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लघवी पातळ होते.

यावर कोणी म्हणेल, की नशा लपवण्यासाठी मुद्दाम घागरभर पाणी पिणारेही असतात आणि बसमध्ये पन्नास जीव असतात. आक्षेप खरा आहे आणि गंभीरही आहे. पण प्रवाशांची सुरक्षितता आणि चालकाची शिक्षा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शंका आली की त्या दिवशी त्याला स्टिअरिंगवर बसवू नये, श्वासचाचणी घ्यावी, नमुना पुन्हा मागावा. यात कुणाचेच नुकसान नाही. अमेरिकी नियमही केवळ नमुना पातळ आहे म्हणून दोष ठेवत नाहीत, दुसरा नमुना मागण्याची वाट ठेवतात. पातळ नमुना एवढेच सांगतो, की या चाचणीतून उत्तर मिळाले नाही. न मिळालेल्या उत्तरावर कष्टकऱ्याची भाकरी हिरावणे अन्यायाचे आहे. म्हणून असा नियम येईल तेव्हा फेरचाचणीचा हक्क त्यात पहिल्याच कलमात लिहिलेला असावा.