प्रतिकृतीवरील दस्तार

लढाऊ विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृति करणें हा केवळ पोरखेळ नव्हे. स्पिटफायर विमानाच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच. त्याचा बहात्तरावा हिस्सा धरला म्हणजे तो सहा इंचांहून किंचित् अधिक भरतो. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूचें विमान कोणतें व स्वपक्षाचें कोणतें, हें ओळखण्यास शिकविण्यासाठीं इंग्लंडांत याच प्रमाणाच्या प्रतिकृति वापरल्या जात. परंतु आकार साधणें हें अर्धेंच काम होय. विमानावरील प्रत्येक खूण तेथें कां आली, हें समजून घेणें हें उरलेलें अर्धें.

तटस्थ स्वीडनचें 'जे २२' हें लढाऊ विमान पहावें. १९४० सालीं अमेरिकेनें स्वीडनला विमानें देण्यास बंदी केली. तेव्हां बो लुंडबर्ग यांनीं पोलादी नळ्यांचा सांगाडा व त्यावर प्लायवुडचें आवरण अशी रचना योजिली. १९४२ च्या सप्टेंबरांत तें प्रथम उडालें आणि एकंदर १९८ विमानें तयार झालीं. त्या लांकडी आवरणांत एका लहान राष्ट्राचा निश्चय दिसतो: युद्धांत पडावयाचें नाहीं, पण आपलें आकाश आपणच राखावयाचें.

बीड जिल्ह्यांतील एखादा विद्यार्थी स्पिटफायरची प्रतिकृति करावयास बसला, तर त्यास निराळीच हकीकत आढळेल. हा जिल्हा १९४८ पर्यंत मोगलाईंत, म्हणजे निजामाच्या हैदराबाद राज्यांत होता. १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहानें ते राज्य इंग्रजांशीं बांधलें गेलें होतें. तटस्थ राहणें त्याच्या हातीं उरलें नव्हतें. १९१८ सालीं निजामाच्या देणगींतून ११० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला विमानें मिळालीं व त्यांवर दात्याचें नांव लिहिलें गेलें. त्यांतील एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयानें जतन केलें आहे.

दुसऱ्या महायुद्धांत १५२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला 'हैदराबाद' हें नांव मिळालें. तिच्या चिन्हांत निजामाची दस्तार, म्हणजे दरबारी पगडी, होती आणि ब्रीद होतें 'विश्वासू दोस्त'. १९४० सालीं तिचीं स्पिटफायर विमानें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जर्मनांशीं झुंजलीं. पुढें ती ब्रह्मदेशच्या आघाडीवर आली. तेथें तिच्या विमानांच्या कुशीवर झेप घेणारा काळा बिबट्या रंगविलेला असे. प्रतिकृति करणारांस या बिबट्याचा मोह पडतो, तो साहजिकच आहे.

परंतु दस्तारहि विसरतां कामा नये. मोगलाईच्या उत्पन्नाचा मोठा आधार जमीनमहसूल होता. तो भरणाऱ्या बीडच्या कुणब्यास, युद्धांत पडावें कीं नाहीं, हें कोणीं विचारलें नव्हतें. वैमानिकांचें शौर्य खरें होतें. रयतेची संमति मात्र त्यांत नव्हती. १९४७ सालीं इंग्रज निघून गेले आणि दोस्तीच्या ब्रीदाचा आधार तुटला. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें शरणागति पत्करली.

म्हणून अशी प्रतिकृति शाळेच्या कपाटांत ठेवतांना खालच्या पाटीवर विमानाचें नांव व स्क्वॉड्रनचा क्रमांक एवढेंच लिहून थांबूं नये. तें नांव कोणी दिलें आणि कोणास न विचारतां दिलें, हेंहि दोन ओळींत लिहावें. बीडच्या मुलांस त्या सहा इंचांत आपल्या आजोबा-पणजोबांचाहि इतिहास सांपडेल.