रान माजते तेव्हा

दाट, रसरशीत हिरवाईसाठी चिनी भाषेत ‘यूयू-त्सोंगत्सोंग’ असा शब्दप्रयोग आहे. उत्तर हान घराण्याच्या इतिहासग्रंथात तो सम्राट ग्वांगवूच्या गावावर दिसलेल्या शुभ तेजाच्या वर्णनात येतो. वनश्री आणि भाग्य तेथे एकाच शब्दात नांदतात. मराठीने मात्र हिरवेपणाची वाटणी केली आहे : पीक तरारते, रान माजते.

‘माजणे’ हे संस्कृत ‘मद्’ धातूच्या कुळातले. म्हणून माज जसा माणसाला चढतो, तसाच तो रानालाही चढतो. हिरवाईच्या या शब्दात नापसंती का शिरली असावी, हे खानदेशच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

१८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी हा प्रांत लुटला. पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल सुरू झाला तेव्हा कितीतरी गावे ओस पडली होती, शेतांत झुडपे माजली होती आणि वाघांचा वावर वाढला होता. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या उजाडपणाची नोंद आहे. वाटसरूला जी वनशोभा वाटावी, ती वस्तुतः परागंदा झालेल्या कुणब्यांची खूण होती.

परंतु हा शब्द नांगरणाऱ्याचा आणि सारा वसूल करणाऱ्याचा आहे, हेही आम्हांस विसरता येत नाही. भिल्लांना तेच रान आसरा देत होते. सरकारच्या लेखी मात्र रान आणि भिल्ल दोन्ही माजलेले. दोघांनाही वठणीवर आणायचे होते. १८२५ मध्ये औट्रमने भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावी होते.

याउलट धुळ्याकडे पांझरेकाठी फड पद्धतीने पिकवलेली हिरवाई. बंधारा सामाईक, एका फडात एकच पीक आणि पाणी पाटकऱ्याच्या हाती. ही हिरवाई तरारलेली, कारण तिच्यामागे गावाची शिस्त आहे.

त्याच धरणगावात १८९० मध्ये बालकवी जन्मले. त्यांच्या कवितेतील हिरवळ आम्ही वर्गात केवळ निसर्गशोभा म्हणून शिकवतो. ‘माजणे’ आणि ‘तरारणे’ हे दोन शब्द त्याच तासाला फळ्यावर शेजारीशेजारी लिहावेत. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात हिरव्या रंगाला केवढा इतिहास चिकटलेला आहे, हे विद्यार्थ्यांना उमगेल. आणि कोणते रान कोणाच्या दृष्टीने माजलेले, हा प्रश्नही ते विचारू लागतील.