जंपर (चित्रपट, २००८)

‘जंपर’ हा १४ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला विज्ञानपट होय. डग लायमन दिग्दर्शित हा साहसपट स्टीव्हन गूल्ड यांच्या १९९२ मधील कादंबरीवर बेतलेला आहे. क्षणार्धात हव्या त्या ठिकाणी प्रकट होऊ शकणारा डेव्हिड (हेडन क्रिस्टेन्सन) आणि त्याच्या जिवावर उठलेला रोलंड (सॅम्युएल एल. जॅक्सन) यांचा संघर्ष त्यात रंगवला आहे. रोमच्या कलोसियमसारख्या प्रत्यक्ष स्थळी झालेले चित्रण व वेगवान दृश्ये काहींनी वाखाणली. विस्कळीत पटकथा आणि उथळ व्यक्तिरेखांवर मात्र बहुसंख्य समीक्षकांनी कठोर टीका केली. कादंबरीच्या केंद्रस्थानी वडिलांच्या मारहाणीतून सुटू पाहणाऱ्या मुलाची वेदना आहे. चित्रपटात ती मागे पडून पाठलागच उरतो. तरीही सुमारे ८.५ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात २२ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली.